रिक्त जागा मॅडम

आमच्या भूगोल विभागाची रिक्त जागा एक जुलैपासून विभागप्रमुख झाली. सेवाज्येष्ठतेने झाली, त्यामुळे तक्रारीला वाव नव्हता. दाभाडे सर निवृत्त झाले त्या संध्याकाळपासून ही जागा रिक्त आहे आणि मी विद्यापीठात लागले ती त्यानंतर चार वर्षांनी. शिवाय इतक्या वर्षांत तिने एक दिवस रजा घेतलेली नाही. मी दोन बाळंतपणं काढली.

तरी मी कुलसचिव टाकसाळे साहेबांकडे गेले. प्रमुखपदाची पाळी माझी होती आणि हक्काचं सोडून द्यायला मी काही साध्वी नाही.

"साहेब, विभागप्रमुख निदान माणूस तरी असावा ना?"

"नियमात माणूस हा शब्द नाही, निकाळजे मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "ज्येष्ठतम असा शब्द आहे. तुम्ही आतापर्यंत माणूस धरून चालत होता, एवढंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नियम मी स्वतः वाचला, तर त्यात तो शब्द खरंच नव्हता.

मग प्रश्न आला हाक कशी मारायची याचा. आदेशात 'पद' लिहिलं होतं, म्हणजे 'ते आलं, ते गेलं' म्हणावं लागलं असतं, आणि प्रमुखाला असं बोलणं बरं दिसत नाही. मराठी विभागाकडून अभिप्राय मागवला. त्यांनी कळवलं की व्यवहारात 'जागा' हाच शब्द रूढ आहे आणि तो स्त्रीलिंगी आहे. तेव्हापासून सगळे मॅडम म्हणू लागले.

खरं सांगायचं तर मॅडमनी विभाग चांगला चालवला. बैठकीत कुणाला तोडून बोलल्या नाहीत. कुणाची रजा अडवली नाही. आमचे चोपडे सर, ज्यांचं आजवर एकाही प्रमुखाशी पटलं नव्हतं, ते रोज केबिनमध्ये जायचे, मनातलं सगळं बोलायचे आणि हलके होऊन बाहेर यायचे. "पहिल्यांदा कुणीतरी ऐकून घेतंय," असं मला म्हणाले. मी नाक मुरडलं. पण एकदा मीही आत जाऊन बसले आणि घरचंसुद्धा बोलून आले.

मार्चमध्ये अर्थसंकल्पाची अधिसभा झाली. इतिहासवाल्यांची पुस्तकं कापली, रसायनवाल्यांचा गॅस कापला, आमचा सहलीचा खर्च तर मुळासकट गेला. मी उठून म्हणाले की नदी न दाखवता नदी कशी शिकवायची? वित्त अधिकारी म्हणाले की तुमच्या प्रमुखांकडे बघा. पगार नाही, भत्ता नाही, प्रवासाचं बिल नाही, तरी विभाग चालू आहे. सभागृहाने बाकं वाजवली. सगळ्यात जोरात चोपडे सरांनी वाजवली, त्याचा मला अजून राग आहे.

आणि त्याच महिन्यात आमची एक जागा भरायला शासनाची मंजुरी आली. विभागात रिक्त जागा एकच. मॅडमच.

इथे रोहिणी इंगोलेबद्दल सांगायला हवं. रोहिणी आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की शिमगा. अकरा वर्षं ती दाभाडे सरांचेच सगळे विषय शिकवत होती. मुलं तिच्या वर्गाला खिडकीत बसून असतात. यंदा मात्र तिने मला स्पष्ट सांगितलं, "मॅडम, या वेळी नाही झालं तर मी भावाच्या किराणा दुकानात बसणार. आता माझ्यात दम नाही." तिला दुकानात वजन करताना डोळ्यांसमोर आणलं आणि मला फार वाईट वाटलं.

पण जागा भरायला विभागप्रमुखांची ना-हरकत लागते. मी पुन्हा टाकसाळे साहेबांपुढे.

"स्वतःला संपवायच्या कागदावर सही कोण करेल, मॅडम?"

"त्यांनी आजवर कशावरच सही केलेली नाही."

"म्हणून तर लेखापरीक्षणात एक आक्षेप नाही," ते कौतुकाने म्हणाले.

मी हात टेकणार होते, पण रोहिणीचा चेहरा आठवला. म्हणाले, "हरकत तरी कुठे घेतलीय त्यांनी? विचारा जाऊन." साहेब खरंच केबिनमध्ये गेले, दाराशी अदबीने थांबले, विचारलं. थोडा वेळ वाट बघून बाहेर आले आणि हरकत नसल्याची नोंद केली. मुलाखती झाल्या. रोहिणी पहिली आली. समितीतले बाहेरचे तज्ज्ञसुद्धा म्हणाले की हिला इतकी वर्षं बाहेर कशी ठेवली?

अडलं ते वित्त समितीत. एवढी बचत करणारी प्रमुख जाणार म्हणून तिथे सुतकी कळा आली. दोन बैठका झाल्या. शेवटी मार्ग निघाला आणि रोहिणीच्या हातात आदेश पडला: सदर जागेवर आपली कायमस्वरूपी नियुक्ती करण्यात येत आहे, जागेची रिक्तता अबाधित ठेवून.

रोहिणीने तो वाचला आणि मला विचारलं, "म्हणजे मी लागले का, मॅडम?"

"लागलीस."

"आणि पगार?"

मी साहेबांना विचारून आले. रिक्त जागेला पगार नसतो. पण ज्येष्ठता दाभाडे सर निवृत्त झाले त्या संध्याकाळपासून धरणार होते, म्हणजे रोहिणी रुजू होताच विभागप्रमुख. साहेब म्हणाले की असा मान कुलगुरूंनाही मिळालेला नाही.

तिने आदेशाची नीट घडी घातली. मग म्हणाली, "कायम तर आहे ना?" सोमवारी नवी साडी नेसून आली, रुजू झाली, केबिनमध्ये जाऊन खुर्चीत बसली आणि दिसायची थांबली. तास वेळेवर होतात. फळ्यावर नद्या उमटतात, त्यांची खोरी उमटतात, आणि मुलं अजून खिडकीत बसतात. मी तिला आता अहो-जाहो करते, कारण ती मला ज्येष्ठ आहे.

गेल्या आठवड्यात तिचे वडील गावाहून आले. लेक कायम झाली म्हणून पेढे घेऊन आले होते, धोतर परीटघडीचं. मी त्यांना केबिनपाशी नेलं, दार उघडलं. ते उंबऱ्यावर थांबले.

"कुठं हाय?"

"समोरच आहेत की. खुर्चीत."

त्यांनी टोपी काढली. खुर्चीकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लई वाळली हो पोरगी."

"हो," मी म्हणाले. "पण कायम झाली."