अधिकातला मानकरी

जगूआप्पांना जावई होता. तरी अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला ते बोलवायचे भलत्यालाच, आणि ज्याला बोलवायचे तो बिचारा जेवून घरी गेला की पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलायचा नाही.

अधिकाचं जेवण म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. तीन वर्षांनी तो जादाचा महिना येतो, सासू पुरणाचे धोंडे करते, जावयाला पाटावर बसवून ओवाळते, अनारशांचं वाण देते, आणि जावई एरवी कितीही गरीब गाय असला तरी त्या दिवशी ताठ बसतो. आप्पांकडे हे सगळं यथासांग व्हायचं. फक्त पाटावर जावई नसायचा. आमच्या गल्लीत सरकारचं सगळ्यात जास्त ज्यानं खाल्लं, तो त्या पाटाचा मानकरी. 'सरकारचे जावई' असा टोमणा आपण येता-जाता लोकांना मारतो. आप्पांनी तो फारच मनावर घेतला होता.

आप्पा नेपानगरच्या कागद कारखान्यात ऑफिसात होते. रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपुरात आमच्या समोरच घर घेतलं. माझी लेक तेव्हा शाळेत जात होती. पहिल्याच आठवड्यात आमच्या नळाला पाणी आलं, मी दारात बादली भरत होते, तर समोरून आवाज आला, "अन् हे देलं कोनं?" मी घाबरून म्हटलं, "कोणी नाही, नळालाच आलंय." म्हातारा खूश होऊन म्हणाला, "नळाले कोनं देलं?"

हे त्यांचं पालुपद. लाइट आली, रस्ता झाला, कुणाची पोरगी मास्तरीण झाली, की आप्पांचा प्रश्न ठेवलेलाच. एकदा कोपऱ्यावरच्या शिंप्याला मुलगा झाला. जिल्हा दवाखान्यातून तो पेढे घेऊनच गल्लीत आला. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि मोठ्यांदा विचारलं, "अन् हे देलं कोनं?" त्यांच्या मनात दवाखाना होता. लोकांच्या मनात काय आलं ते मी सांगत नाही, पण शिंपी पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून घरी गेला.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक जमायची. आता कुणी जमत नाही, जो तो आपापल्या मोबाइलात. तेव्हा मात्र दिवेलागणीला सगळे यायचे आणि विषय फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचा: सरकार फुकट्यांना पोसतं आणि आपल्याला पिळतं. आमचे हे त्यात सगळ्यात पुढे. यांची केळीची आडत, दापोऱ्याला मळा. आमच्याकडे भांड्यांना सुपडाबाई यायची. ती रेशनचा गहू डोक्यावर घेऊन गल्लीतून निघाली की हे म्हणायचे, "बघा, हमारा टॅक्स चालला!" सुपडाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण नवऱ्याला चारचौघांत कोण बोलणार?

आप्पा बोलायचे. "सुपडाबाईले भेटते ते पिशवीत दिसते. तुले भेटते ते भिंतीत, रस्त्यात, कॉलेजात जिरून जाते. म्हनून तुले दिसत नाही."

"यार आप्पा, मला काय भेटतं? मी तर मधला माणूस."

"मधलाच सगळ्यात हुशार! वरचा खातो ते पेपरात येते, खालचा खातो ते लायनीत दिसते. मधला पडदा लावून जेवतो."

हे सांगून झालं की स्वारी नेपानगरला जायची. म्हणजे बसल्या जागेवरूनच. सकाळचा भोंगा, त्या भोंग्यावर अख्ख्या कॉलनीत एकदम चढणारं चहाचं आधण, क्वार्टरच्या दारातली मधुमालती, मैदानात पांढऱ्या पडद्यावर दाखवलेले सिनेमे, पडद्याच्या मागच्या बाजूनं बघणारी पोरं. "भिंतीत खिळा ठोकायचा असला ना शोभा, तरी कारखान्याचा मानूस यायचा. आम्हाले हातोडी कशी असते माहीत नव्हतं." खरंच नव्हतं. इथे आल्यावर काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, देवाचं कॅलेंडर लावायला सांगितलं, तर आप्पांनी खिळा सोडून अंगठा ठोकून घेतला. काकू हसत हसत हळद लावत होत्या आणि आप्पा "सरकारनं आम्हाले पंगू करून ठेवलं" म्हणून ओरडत होते.

नंदा ही त्यांची एकुलती एक. त्याच कारखान्याच्या दवाखान्यात जन्मली, त्याच कॉलनीच्या शाळेत शिकली, मग इंदूरच्या सरकारी कॉलेजात इंजिनियर झाली. माझी तिच्याशी छान गट्टी होती. तिनं कॉलेजातलाच सतीश पसंत केला. डोईफोडिया गावाकडचा मुलगा, होस्टेलात राहून, राखीव जागेवर शिकलेला, शांत. जातीनं आमच्यातला नव्हता. तो एकदा आप्पांना भेटायला आला, अर्ध्या तासात परत गेला, आणि महिनाभरात दोघांनी कोर्टात लग्न करून खंडव्याला घर केलं. आत काय बोलणं झालं ते गल्लीला कळलं नाही. आप्पांनी 'नाही' म्हटलं, एवढंच कळलं. त्यानंतर काकू रोज आमच्याकडे विरजण मागायला यायच्या. विरजण चमचाभर, आणि माझ्या फोनवरून नंदाशी गप्पा अर्धा तास!

त्या लग्नानंतरचा पहिला अधिक आला आणि आप्पांनी हे जेवणाचं खूळ काढलं. पहिला मान मिळाला कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना. त्यांनी पुढे घरच बदललं.

दुसऱ्या वेळी मान आमच्या घरी आला. हे तर हवेत! झब्ब्याला इस्त्री, कानात अत्तराचा फाया. मी म्हटलं, "अहो, जपून." तर म्हणे, "म्हाताऱ्याला शेवटी माणसाची किंमत कळली." पाटाभोवती रांगोळी, काकूंनी ओवाळलं, केळीच्या पानावर तूप सुटलेले धोंडे. आणि आप्पा वाढायला उभे.

"हा घ्या ठिबकाच्या अनुदानाचा."

यांचा घास तिथेच थांबला.

"हा केळीच्या विम्याचा. हा मळ्यातल्या मोटारीच्या स्वस्त लाइटीचा. अन् हा मोठा, लेकीच्या सरकारी मेडिकलच्या सीटचा. बाहेर किती पडले असते, माहीत आहे ना?"

"बस्स आप्पा, पोट भरलं."

"असं कसं? मळ्यापर्यंतचा डांबरी रस्ता राहिला की!"

यांनी रस्ताही खाल्ला. पाटावरून उठायचं कसं? घरी येऊन ओवा चावत बसले आणि माझ्यावरच चिडले. पण एक झालं. सुपडाबाई गहू घेऊन निघाली की हे पेपर तोंडासमोर धरायला लागले.

सगळी गल्ली हसली. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. धोंडे करताना त्यांचं तोंड मी पाहिलं होतं. "जावई असून शेजाऱ्याला ओवाळते गं मी," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा पुरणाला लागल्या.

मागच्या थंडीत काकू गेल्या. नंदा आली, आईच्या पायाशी बसली. सतीश फाटकाबाहेरच उभा राहिला. घर माणसांनी भरलेलं, आप्पा दारातच बसलेले, नजर थेट फाटकावर; पण 'ये' म्हणून शब्द निघाला नाही. मी चहा नेऊन दिला तर तो म्हणाला, "वहिनी, आधी आप्पांना पाजा. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही." मला इतका राग आला आप्पांचा! प्रसंग तसा नसता तर तिथेच दोन शब्द सुनावले असते.

आणि आता या उन्हाळ्यात पुन्हा अधिक आला. वाटलं, काकूंना जाऊन वर्ष झालं नाही, यंदा सुटलो सगळे. तर एका सकाळी आप्पा दारात. एकटे पडल्यापासून पार वाळले होते.

"शोभा, धोंडे करून देशील?"

"आप्पा, यंदा सण नसतो तुम्हाला."

"सन नाही हा. राहिलेलं काम आहे. मानकरी सापडला, सगळ्यात मोठा."

गल्लीत बातमी पसरली. कोपऱ्यावरचे ठेकेदार त्याच संध्याकाळी सहकुटुंब ओंकारेश्वरला निघून गेले.

ठरल्या दिवशी मी धोंडे, आमरस घेऊन गेले. पाट मांडलेला, आणि पाटावर आप्पा स्वतः. अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"ओवाळ," म्हणाले.

मला हसू फुटलं. "तुम्ही? अहो, काहीतरीच काय!"

"राहायले क्वार्टर, बायकोच्या बाळंतपनाले दवाखाना, पोरीले शाळा, कॉलेज. खिळा ठोकायले मानूस. सांग, देलं कोनं? या गल्लीत माझ्याहून जास्त कोनं खाल्लं? प्रोफेसर पाहिला, तुझा नवरा पाहिला. माझ्याहून मोठा कोनी भेटला असता तर मले बरं वाटलं असतं. नाही भेटला." मग ताटाकडे बघत म्हणाले, "त्या पोराले म्या काय म्हटलं होतं, माहीत आहे? म्हटलं, 'सरकारच्या तुकड्यावर शिकलास, माझ्या पाटावर नाही बसायचं.' तो उठला, जाताना दार हळूच ओढून घेतलं त्यानं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, शोभा. अजून ऐकू येते मले ते दार."

मी निरांजन खाली ठेवलं.

"अन् ती गेली त्या दिवशी तो फाटकात होता. दिसला मले. जीभच उचलली नाही माझी. आता हा घास कसा गिळू?"

मला संताप आणि रडू एकदमच आलं. "मग मला कशाला ऐकवता? ज्याला सांगायचं त्याला सांगा की! बायको गेली वाट बघता बघता, आता तुम्हीही तसेच जाणार आहात का?" असं बोलून मीच फोन लावला आणि त्यांच्या कानाला धरला. पलीकडे सतीशच होता. आप्पांच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं, "धोंडे केले आहेत."

मग ऐकू आलं, "येतो, आप्पा."

आप्पा पाटावरून उठले. दिवसभर अन्नाला शिवले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं दोघं आले. सतीश सवयीनं फाटकाशीच थबकला. आप्पा पायऱ्या उतरून गेले, त्याचा हात धरून त्याला आत आणलं, आणि पाट स्वतःच्या पंच्यानं पुसला. मी धोंडे पुन्हा वाफवून दिले. ओवाळायला मी पुढे झाले तर म्हणाले, "दे इकडं." सासऱ्यानं जावयाला ओवाळलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ओवाळायची सवय नाही, त्यात काजळी सतीशच्या शर्टावर पडली. नंदा स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर ओढणी दाबून उभी होती.

आप्पा वाढायला वाकले. या वेळी त्यांनी कसलाच हिशेब म्हटला नाही, मुकाट्यानं धोंडा पानावर ठेवला आणि वरून तूप सोडलं. सतीशनं त्या धोंड्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं, आणि नंदानं घरी किती वेळा नक्कल केली असेल कोण जाणे, अगदी त्याच सुरात म्हणाला, "अन् हे देलं कोनं, आप्पा?"

आप्पांनी तुपाची वाटी खाली ठेवली.

"म्या देलं, बापा," ते म्हणाले. "लय उशिरा देलं."

सतीशनं पान जरा पुढे सरकवलं आणि म्हणाला, "मग अजून एक वाढा."