अर्ध्यावर अडकलेला झेंडा

शुक्रवारी सूर्य मावळला, तरी हॅडली नगरपालिकेचा झेंडा काही वर जाईना.

गव्हर्नरचा हुकूम साधा होता. वॅन्डा शिमेकचा मुलगा कोल परदेशात लढताना गेला. त्याच्या दफनाच्या दिवशी झेंडे अर्ध्यावर, सूर्य मावळला की पुन्हा टोकाला. कारकून लॉर्नाने सकाळी झेंडा स्वतः अर्ध्यावर आणला होता. संध्याकाळी चढवताना शिपाई ऑर्विल दोरीला लोंबकळला आणि दोरी कप्पीत जी रुतली ती रुतलीच.

"आणखी ओढू का, बाई?"

"नको! तुम्ही आता घरी जा."

उंच शिडीची गाडी वीज कंपनीकडे होती, ती गुरुवारशिवाय मिळेना.

सोमवारी माजी सैनिकांच्या क्लबचा मर्ल आला. खांबाकडे बघून त्याने टोपी काढली.

"आता कोण गेलं?"

"मर्ल, ते काय झालं..."

"राहू दे, कळलं मला." त्याने जाऊन क्लबचा झेंडा अर्ध्यावर आणला.

क्लबचा बघून बँकेने आणला, बँकेचा बघून शाळेने, शाळेचा बघून पेट्रोल पंपाने. कोण गेलं हे विचारायची कोणाची छाती होईना. विचारायचं म्हणजे आपण बातम्या बघत नाही हे कबूल करायचं. असलं आमचं गाव! बुधवारी चर्चमध्ये 'त्या' वीरासाठी प्रार्थनाही झाली. लॉर्नाने कपाळाला हात लावला. नोकरी गेली तर जाऊ दे, पण वॅन्डाला काय तोंड दाखवायचं? तिच्या मुलाच्या मानाचा आपण तमाशा केला, या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

गुरुवारी वॅन्डाच कचेरीच्या दारात उभी राहिली. हातात झाकलेलं गरम भांडं होतं.

"लॉर्ना, हा कोणाचा मुलगा गं?"

"म्हणजे?"

"माझ्या कोलच्या दिवशी शाळेची मॅच होती. तुझा आणि मर्लचा सोडला, तर एकही झेंडा खाली नव्हता. बघितलं मी गाडीतून. आज सगळ्या गावाचे झेंडे खाली आहेत. म्हटलं, त्याच्या आईला जेवण तरी नेऊन द्यावं."

लॉर्नाने खिडकीतून खांबाकडे बघितलं.

"तुझाच आहे, वॅन्डा. गावाला जरा उशीर झाला."

 वॅन्डा भांडं टेबलावर ठेवून बाहेर गेली आणि खांबाखालच्या बाकावर बसली.

तेवढ्यात मागच्या दाराने ऑर्विल धावत आला. "बाई, गाडी आली! सोडवू दोरी?"

"थांबा."

"अहो, पण हुकुमात सूर्य मावळेपर्यंतच म्हटलंय."

"मग आजचा मावळू दे की."