राहा की अजून चार दिवस!

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा जेवणाआधी पंजे धुवायचा, एक सशीण राहायची. तिचं नाव काननबाई. पान पडलं तरी ती दचकायची. तुम्ही हसू नका, बाळांनो. पानं खरंच फार अचानक पडतात.

काननबाईला दिवस गेले होते. पिल्लांसाठी चार गाजरं जास्तीची जमली तर बरं, म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने, दुडूरावाने, बिळातली आतली मऊ खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायचं ठरवलं. पिल्लं यायच्या आत खोली परत आपली, असा हिशेब होता.

जंगलात तोवर एकच सोय होती. निवांत लॉज. तिथे गल्ल्यावर कासवअण्णा बसायचे. चहा कोमट, चादर खरखरीत, आणि सकाळी दहाला दारावर टकटक. "दहा वाजले. खोली रिकामी करा." सिंह असो की उंदीर, वाक्य तेच.

"लॉजमध्ये माया नाही हो," पहिला पाहुणा आत येत म्हणाला. हे काटेराव साळिंदर. दोन दिवसांसाठी आले होते. "घर ते घर!"

काननबाईने त्यांना कोवळं गवत दिलं. गरम पाणी दिलं. गादीतले काटे न बोलता वेचले. का? तर जाताना पाहुणा दारातल्या झाडावर चांदण्या कोरायचा. पाच चांदण्या म्हणजे उत्तम. एक म्हणजे शोभा. त्या एका चांदणीच्या धसक्याने काननबाईला घास जात नव्हता.

दोन दिवस झाले. काटेराव गाठोडं घेऊन दारात आले.

आता दारात उभ्या पाहुण्याला आपल्याकडे काय म्हणतात? तेच काननबाई म्हणाली.

"एवढ्यात निघालात? राहा की अजून चार दिवस!"

काटेरावांनी गाठोडं खाली ठेवलं.

"तुम्ही एवढं म्हणताय, तर शब्द मोडवत नाही."

आणि आग्रहाने ठेवून घेतलेल्या पाहुण्याकडे भाडं कुठल्या तोंडाने मागणार?

"अगं, जीभ आवर!" दुडूराव आत जाऊन कुजबुजला.

"मी नाही बोलले. आपोआप आलं."

चार दिवसांनी काटेराव पुन्हा दारात. काननबाईने ओठ घट्ट मिटले. कुणीच बोलेना. ती शांतता इतकी वाईट होती की मला सांगतानाही कसंतरी होतंय. शेवटी दुडूरावालाच राहवलं नाही.

"भाऊजी, असे उपाशी निघणार? जेवून जा."

काटेराव जेवले. जेवल्यावर झोपले. उठले तेव्हा म्हणाले, "आता या वेळी कुठे निघायचं?"

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी काननबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. मऊ खोलीत काटेराव घोरत होते. उठवायचं कसं? पाहुणा! दोघं तशीच लॉजवर पळाली.

"किती जण?" कासवअण्णांनी विचारलं.

"आत्ता दोघं," दुडूराव धापा टाकत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सांगता येत नाही."

"पिल्लांचं भाडं नाही. रडली तर आहे."

खरखरीत चादरीवर पाच पिल्लं झाली. सगळी सुखरूप. सकाळी टकटक झाली.

"दहा वाजले."

"अण्णा, पिल्लं झाली हो!"

"अभिनंदन. दहा वाजले."

काननबाई बघतच राहिली. असंही बोलता येतं? आणि आभाळ कोसळत नाही?

"अण्णा," ती म्हणाली, "एवढंच वाक्य आमच्या घरी येऊन म्हणाल?"

अण्णा तयार झाले. दुडूराव पिल्लांपाशी थांबला, त्या दिवसाचं भाडं अण्णांनी निघण्यापूर्वीच लावलं. पुढे कासव, मागे सशीण. तिच्या घराण्याला हे नवीन नव्हतं. बिळाशी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडून पुन्हा दहाच वाजले होते.

टकटक.

"दहा वाजले. खोली रिकामी करा."

काटेराव निमूट उठले. दारात येऊन त्यांनी सवयीने काननबाईकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं. "रा..."

अण्णांनी त्यात गाजर कोंबलं.

काटेरावांनी झाडावर एकच चांदणी कोरली. खाली लिहिलं, 'जागा उत्तम. आग्रह कमी पडला.'

त्यानंतर तिथे कुणीच पाहुणा आला नाही. मऊ खोलीत पाच पिल्लं लोळू लागली. काननबाई ती चांदणी रोज पुसून लख्ख ठेवते.

तात्पर्य: पाहुणा देवासारखा असतो, बाळांनो. म्हणून देवासारखंच त्याचंही ठरल्या दिवशी विसर्जन करावं. आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' हे तो पुरता दिसेनासा झाल्यावरच म्हणावं.