तांबट आळीच्या पाण्याची हकीकत

श्री. जो डोळ्यांनी पाहोन सही करतो त्यास नमन. न पाहता करतो त्याचे त्याजपाशी. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, भाद्रपदमासी जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहितो. कोणास गोड लागो, न लागो.

राज्यात पूर्वी कागद होते, आणि लबाड लोक त्यांत खाडाखोड करीत, म्हणोन सरकारांनी हुकूम केला की, कागद बंद, अर्ज काचेवर भरावा आणि खाली डिजिटल सही करावी. ती सही बोटाएवढ्या डोंगलात राहते, डोंगल यंत्रास खोचोन पिन घातला की उमटते, आणि मग अर्जातला एक काना जरी कोणी फिरविला तरी सही मोडोन लाल होते, नाहीतर हिरवी खूण झळकते. बंदोबस्त मोठा चोख! परंतु कचेरीचा रिवाज ऐसा की, साहेबाने स्वहस्ते डोंगल खोचणे म्हणजे कमीपणा. सबब राजश्री विसोबा पाणीतपासनीस यांनी आपले डोंगल निळो कारकुनाचे हवाली केले, पिनही चिठ्ठीवर लिहोन त्यासच चिकटविला, आणि स्वारी निश्चिंत जाहली. मग निळोने रोज चहा घेता घेता तांबट आळीच्या टाकीच्या अर्जात 'पाणी शुद्ध' ऐसे भरावे आणि सही उठवावी. टाकीकडे कोणी फिरकेना.

ऐसे चालता तांबट आळीत गटार फुटोन टाकीत उतरले, आणि घरोघर जुलाब-वांतीने माणसे निजली. तेथील सगुणाबाई तांबटीण, तिचा एकुलता लेक केरू, त्याचे डोळे खोल गेले, तेव्हा ती तांब्याभर पाणी घेऊन दरबारी आली आणि बोलिली, "सरकार, वास घेऊन बघा. टाकी बंद करा, टँकर धाडा. तेच पाणी पाजतेय मी पोराला, दुसरं आणू कुठनं?" दिवाणसाहेबांनी काच पाहिली, हिरवी खूण पाहिली आणि म्हणाले, "बाई, सही शाबूत आहे. अर्जास कोणी हात लावला नाही." बाई म्हणाल्या, "अहो, पाण्याला तरी कुणी हात लावला का?" दिवाण चपापले आणि त्यांनी विसोबांस बोलाविले. "तपासनीस, पाणी तुम्ही पाहिले?" विसोबांनी 'नाही' म्हणावे, की टाकी त्याच घटकेस बंद होणार, आणि चाकरीही जाणार. त्यांचे तोंडचे पाणी पळाले. मग खाली पाहोन म्हणाले, "सरकार, सही माझीच आहे." दिवाणांचे समाधान जाहले. टाकी चालूच राहिली.

केरू दुसरे दिवशी गेला. त्यामागोमाग आळीत आणिक माणसे गेली, त्यांची नावे लिहिता हात चालत नाही. मग चौकशी बसली, राजधानीहून जाणते आले, त्यांनी अर्ज उलटेपालटे करोन निवाडा दिला की, सही अस्सल, अक्षर अक्षर जागचे जागी, दोष कोणाचा नाही. वा रे चौकशी!

दहाव्याच्या दिवशी विसोबा सगुणाबाईंचे दारी गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहोन म्हणाले, "बाई, पाणी मी पाहिलेच नव्हते." बाईंनी त्यांजकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं की. दिवाणाला ठाऊक नव्हतं. त्याला का नाही सांगितलंस?" विसोबा माघारी आले. त्या दिवशीचाही अर्ज निळोने 'पाणी शुद्ध' म्हणोन रवाना केला होता.

सारांश, अर्जास धक्का लागला नाही, आळी मात्र ओस पडली. आम्ही पाहिले तितके लिहिले. लेखनसीमा.