मधल्या वर्गाने हात धुण्यापासून शोर्प्यापर्यंतची मजल निःशब्द मारिली, त्याची हकीकत

श्रोते हो, सावध असावे. कोचकोर कसब्यात, बाजारामागील बालवाडीत, मेंढरे डोंगरावरच्या कुरणांतून खाली उतरली ते समयी जे मौनयुद्ध जाहले, त्याचा मजकूर येथे लिहिला जात आहे. लेखनकर्त्याचे घर आणि सदर बालवाडी यांमध्ये भिंत एकच, तीही पातळ. सबब यात ऐकीव थोडे आणि कानावर आदळलेले फार, हे जाणून विश्वास ठेवावा.

मधल्या वर्गाचा कारभार मीरगुल एजे यांजकडे नवाच आला होता. त्या मुलुखी थोरल्या बहिणीस एजे म्हणतात आणि बालवाडीच्या बाईंसही तोच किताब. वय चोवीस, गाव सरोवरापलीकडे दोन घाट ओलांडून, मुक्काम एका खोलीत भाड्याने, आणि नेमणूक तीन महिन्यांच्या अजमावणीवर. हाताखाली सत्तावीस असामी, कोणी चार वर्षांचा, कोणी पाच वर्षांचा, आणि त्यांत अग्रणी तिलेक बहाद्दर, मेंढपाळाचा पुत्र, ज्याचा आवाज ऐसा की बापाने कळप हाकावयास त्यासच न्यावे.

गाणी असोत, चित्रे असोत, फौज हुकमात राही. परंतु दुपारी जेवणाआधी हात धुवावयाचे, आणि नळ दोनच, आणि त्यांतील एकाची धार करंगळीएवढी. मग पहिल्याचे हात धुतल्यापासून सत्ताविसाव्याचे पुसून होईतो वीस मिनिटे जात, आणि ज्यांचे हात धुऊन झाले त्यांस उद्योग म्हणून काही नसे. सर्व दंगे याच वीस मिनिटांत होत. ओले हात दुसऱ्याच्या मानेत घालावे, टॉवेल ओढावे, बेगिमाय नामे मुलीची वेणी हा लगाम समजून घोडदौड करावी, ऐसा प्रकार रोज होई. आणि मग भिंतीपलीकडे तान्ह्यांच्या महालात कान्यशाय एजे यांनी मोठ्या मशागतीने निजविलेली चौदा बाळे एकामागून एक उठत आणि एकच आकांत मांडीत.

सोमवारी बालवाडीच्या मुख्याधिकारी उमुत्काय एजे यांनी मीरगुल एजे यांस हुजुरात बोलाविले आणि फर्माविले की, गुरुवारी आम्ही खासा पाहणीस येऊ. त्या दिवशी तान्ह्यांची झोप मोडली तर मधला वर्ग दुसऱ्या हाती जाईल, आणि तुम्हांस गावी परतण्यास मोकळीक राहील. मीरगुल एजे यांनी मान लवविली आणि बाहेर आल्या, आणि मग त्यांच्या ध्यानी आले की आपण होय म्हणालो की नाही हेही आपणास आठवत नाही.

मंगळवारी पहिली मोहीम काढिली. तजवीज ऐसी की, जो सर्वांत जास्त वेळ गप्प राहील तो जिंकला. फौजेने तोंडे मिटली आणि क्षणभर नळाची धार ऐकू आली. मग तिलेक बहाद्दर पुढे सरसावले.

"एजे, मी गप्प आहे. बघा ना, मी किती गप्प आहे."

"बोलतोयस की तू," बेगिमाय म्हणाली.

"मी बोलत नाहीये, मी सांगतोय."

त्यावर कोण गप्प आणि कोण नाही याचा निवाडा सत्तावीस मुखांनी एकदम सुरू जाहला, आणि पलीकडे पहिले बाळ उठले.

बुधवारी दुसरी मोहीम. मेंढीच्या घोट्याची हाडे, ज्यांनी त्या मुलुखी लहानथोर सारेच खेळतात, ती मीरगुल एजे यांनी सकाळी घरमालकिणीकडून पिशवीभर आणिली, आणि प्रत्येकास एक देऊन हुकूम केला की हाताच्या पाठीवर तोलून धरावे. मसलत उत्तम होती. परंतु जमीन लाकडी, हे ध्यानी घेतले नव्हते. प्रथम एक हाड पडले, मग ते पाहावयास वळलेल्या पाचांची पडली, आणि मग उरलेल्यांनी, आपलेच का राहावे म्हणून, आपखुशीने टाकली. गारांचा वर्षाव व्हावा तैसा नाद उठला. चौदाच्या चौदा बाळे उठली. शिकस्त पुरी जाहली.

जेवणे आटोपून फौज निजल्यावर मीरगुल एजे डगले टांगण्याच्या खोलीत गेल्या, आणि त्या सत्तावीस इवल्या डगल्यांमध्ये खाली बसल्या आणि रडल्या. आईस फोन करून काय सांगावे याची वाक्ये त्या मनाशी जुळवीत होत्या. एकही धड जुळेना.

इतक्यात डगल्यांच्या रांगेखाली त्यांस दोन पाय दिसले. तिलेक बहाद्दर बिछान्यातून निसटून तेथे बसले होते. तळहात पसरलेला, आणि त्यावर लोकरीचा एक पुंजका, बापाच्या कोटावरून निघालेला, फुंकरीने उडेल इतका हलका. बहाद्दर त्याकडे टक लावून होते आणि श्वासही बेताने सोडीत होते.

"तिलेक, काय करतोयस रे?"

बहाद्दरांनी फक्त डोळे वटारले, आणि मग त्या डोळ्यांनीच पुंजक्याकडे खूण केली. मीरगुल एजे पाहतच राहिल्या. घड्याळात चार मिनिटे गेली. महिन्याभरात तो मुलगा इतका वेळ अबोल राहिला नव्हता.

मग त्या उठल्या, तोंड धुतले, आणि ज्या दारी जाण्यास त्यांचे पाय कचरत त्याच दारी गेल्या. कान्यशाय एजे रजईचे टाके घालीत होत्या आणि शेजारी धुतलेल्या लोकरीचे गाठोडे होते.

"एजे, थोडी लोकर द्याल का?"

"कशाला? कानात घालायला?" कान्यशाय एजे मान वर न करता म्हणाल्या. "मग आधी माझ्यासाठी काढ."

"मुलांच्या तळहातावर ठेवायला."

कान्यशाय एजे यांनी सुई थांबविली, मीरगुल एजे यांस पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले, आणि डोळ्यांचा लालपणाही पाहिला असावा. "आत्ताच रडून आलीस ना? मीही पहिल्या वर्षी त्याच डगल्यांत रडायचे. घे. बारीक पिंजून घे, जाड पुंजका उडत नाही."

गुरुवारी दोन प्रहरी फौज नळांपाशी उभी राहिली. ज्याचे हात धुऊन पुसून होत, त्याच्या तळहातावर मीरगुल एजे एक पुंजका ठेवीत आणि कानात सांगत, "हे झोपलंय. बोललास तर उडून जाईल." एक जाहला, पाच जाहले, अकरा जाहले. बेगिमायस शिंक आली ती तिने दुसऱ्या हाताने नाक दाबून परतविली. नळाची बारीक धार, आणि भिंतीवरचे घड्याळ, यांखेरीज कशाचाही आवाज नव्हता. येथवर की लेखनकर्ता घाबरून भिंतीस कान लावून उभा राहिला.

तेव्हा उमुत्काय एजे दारात आल्या, आणि त्यांच्याने राहवेना.

"काय झालंय? आजारी आहेत का मुलं?"

त्या शब्दांच्या वाऱ्याने दाराजवळचे तीन पुंजके उडाले. सत्तावीस माना त्यांकडे वळल्या. तिलेक बहाद्दर पुढे आले, जमिनीवरून एक पुंजका उचलला, मुख्याधिकाऱ्यांचा हात धरून उघडला, त्यावर ठेविला, आणि ओठांवर बोट ठेवून आपल्या जागी गेले. मुख्याधिकारी जागच्या हलल्या नाहीत.

फौज पावलापावलाने मेजांपाशी पोचली, बसली. शोर्पो, म्हणजे मेंढीच्या मांसाचा रस्सा, आला, वाफ निघू लागली, बोरसोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, टोपली फिरली. आणि कोणी चमचा उचलीना, कारण हात गुंतलेला. मीरगुल एजे यांस तेव्हा उमगले की लढाई लावण्याचा हुकूम आपणापाशी होता, थांबविण्याचा नव्हता. शोर्प्यावर चरबी थिजू लागली.

"एजे," तिलेक बहाद्दर इतके हळू पुटपुटले की त्यांचा पुंजका थरथरला, पण पडला नाही. "आता फुंकू का?"

मीरगुल एजे यांनी होकारार्थी मान डोलाविली. सत्ताविसांनी आणि एका मुख्याधिकाऱ्यांनी एकदम फुंकर घातली. पांढरा ढग मेजांवर उठला, खिडकीतल्या उन्हात क्षणभर थांबला, आणि सावकाश खाली आला, केसांवर, बोरसोकवर, शोर्प्यात. भिंतीपलीकडून हूं की चूं आली नाही.

सबब नोंद करण्यात येते की, गुरुवारी, मध्यान्ह टळता, मधल्या वर्गाची फत्ते जाहली. चौदा बाळे अखंड निजलेली. मीरगुल एजे यांची नेमणूक कायम, हे मुख्याधिकाऱ्यांनी वाटीतून लोकर काढीत काढीत, हलक्या आवाजात जाहीर केले. लोकरीसह शोर्पो सर्वांनी संपविला. तक्रार कोणाची नाही.