खाडीतले सुरुंग आणि चावीची कासवं

एका जंगलात, मुलांनो, झाडं संपली की लगेच खाडी लागायची. मागच्या लढाईत शेजारच्या जंगलाने त्या खाडीत सुरुंग पेरले होते. धक्का लागला की धडाम. पुढे लढाई मिटली, दोन्ही सिंहांनी गळाभेट घेतली, पण सुरुंग काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सिंहांना फार कामं असतात.

हाल झाले सगुणा पाणमांजरीचे. तिची पिल्लं खाडीतल्या माशांवर वाढायची. आता मासा आणायचा म्हणजे जिवावर उदार व्हायचं.

शेवटी महाराजांनी दूरदेशाहून चावीची लाकडी कासवं आणवली. चावी दिली की ती आपली आपण पाण्यात शिरत आणि सुरुंगाला धडकत. फुटलं तर लाकूड फुटेल, जीव वाचेल. सगुणाला हायसं वाटलं.

मोहीम आखायचं काम बगळेपंतांकडे आलं. ते एका पायावर उभे राहून वाळूत आराखडा काढत. भरती आली की तो पुसला जाई. मग नवा काढत. वाळू सोडून दुसरीकडे काढावा, हे काही त्यांना सुचलं नाही.

असं करता करता खंडेनवमी आली. शस्त्रांबरोबर कासवांचीही पूजा झाली. हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या. सगळ्यांचा त्यांच्यावर जीव जडला.

दुसऱ्या दिवशी पंतांनी नवा आराखडा वाचून दाखवला. "सर्वांत पुढे सगुणाबाई. त्यांनी सुरुंग शोधायचे. मागून कासवं. एकाही कासवाला ओरखडा येता कामा नये."

"अहो पंत, कासवं आणली ती माझ्याऐवजीच ना?" सगुणा म्हणाली.

"बाई, पूजेतली वस्तू का कुणी फोडतं? शिवाय तुम्हांला पोहता येतं."

सगुणा घरी गेली आणि पिल्लांना पोटाशी धरून पोटभर रडली. मग तिने डोळे पुसले. जत्रेतल्या एका मोडक्या खेळण्याची चावी शोधून पाठीला बांधली, कपाळाला कुंकू फासलं आणि सकाळी कासवांच्या रांगेत जाऊन गप्प पडून राहिली.

पंत पाहणीला आले. "हे जरा केसाळ दिसतंय. नवी बनावट असेल," ते म्हणाले. "सावलीत ठेवा, कापसात गुंडाळून."

"पण सगुणा कुठे आहे?" महाराजांनी विचारलं. "आराखड्यात सगळ्यांच्या पुढे कुणीतरी जिवंत लागतं ना?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पाण्यात उतरायची सवय असलेले आता पंतच उरले होते.

पंतांनी उभं राहायचा पाय बदलला. मग भरतीची वाट न बघता स्वतःच्याच पंखाने आराखडा पुसला. "महाराज, कासवं पुढे सोडू. ती असतात तरी कशासाठी?"

दुपारपर्यंत धडामधुडूम चाललं. सावलीत कापसात गुंडाळलेल्या केसाळ कासवाची मात्र कुणालाच आठवण झाली नाही. खाडी मोकळी झाली. पाण्यावर झेंडूच्या माळा तेवढ्या तरंगत होत्या.

संध्याकाळी सगुणाच्या पिल्लांनी पोटभर मासे खाल्ले. चावी मात्र तिने फेकली नाही. पंत अजून नोकरीत होते.

तात्पर्य : जिवाहून मोलाचं काही नाही, हे मोहीम आखणाऱ्यालाही पटतं. फक्त तो जीव त्याचा स्वतःचा असावा लागतो.