मालूकाकू पुस्तक संपू देत नाही

आमच्या साकोलीतली मालूकाकू कोणतंच पुस्तक संपू देत नाही. फाडत नाही, लपवत नाही. बस, पानापानावर हात वर करते अन् म्हणते, "थांब वं पिंके. आधी याचा फैसला करू, मंग पुढं जाऊ."

आमच्या गल्लीत बायांची पुस्तकाची भिशी आहे. दर शनिवारी दुपारी बसतो. बायांनी लिहिलेली आत्मचरित्रं, बायांच्या कादंबऱ्या वाचतो अन् मंग तोंड सोडतो. वाचायचं काम माझं, कारण मले आवाज काढता येते. सासू वेगळी, नवरा वेगळा, रडकी नणंद वेगळी. नियम एकच. पुस्तक संपेपर्यंत बैठक एकाच घरी, संपलं की पुढच्या घरी. चहा-चिवडा त्या घरचा. म्हणून पाळी आली की प्रत्येक बाई पातळ पुस्तक शोधते. मालूकाकूनं मात्र एका नर्सबाईचं आत्मचरित्र आणलं. उशाले घेतलं तर मान अवघडेल, एवढं जाड.

अन् वरून हे फैसले. नर्सबाईले सासू काही बोलली, ती गुमान राहिली. अर्ध्या पानाची गोष्ट. काकू म्हणे, "काहून गुमान राहिली? तोंडात दात नव्हते का?" झालं. एक म्हणे बरोबर केलं. दुसरी म्हणे, मी असती तर असं ऐकवलं असतं! तिसरी म्हणे, "असतं म्हणजे ऐकवलं नाही ना?" पुरा शनिवार त्यात गेला. शेवटी काकूचा निकाल आला, "सासू चुकली. मी खुद सासू हाये, मले मालूम हाये."

धान कापणीच्या टायमाले उघडलेलं पुस्तक मोहफुलं पडायले लागली तरी चालूच. नंदामॅडम शाळेत शिकवतात, त्यांचा जीव वर-खाली. "मालूताई, ती बाई रिटायर होऊन गेली असेल, आपण अजून तिच्या ट्रेनिंगमध्येच आहोत!"

मी काकूची नक्कल करून दाखवली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात वर. काकू पोट धरून हसली. "हुबेहूब! पण माहा आवाज एवढा फाटका नाही वं."

नकला करायच्या तर बारीक पाहावं लागते. तसं मले दिसलं, की "मले समजलं नाही, पुन्हा वाच" हे काकू चहा आल्यावरच म्हणते. चहा करते तिची सून, सरिता. ती कप ठेवते अन् आतल्या दाराले टेकून उभी राहते. मंग काकूले एकदम काहीच समजत नाही, अन् सरिता चहा करून राहिली होती तवाची पानं मी परत वाचते. सासूच्या आवाजासकट.

सरिताचा नवरा, म्हणजे काकूचा पोरगा, हे पुस्तक निघायच्या लय आधी आजारानं गेला. त्यानंतरच्या संक्रांतीले नंदामॅडमच्या घरी हळदीकुंकू होतं. काकू हट्टानं सुनेले घेऊन गेली. कुंकवाचा करंडा सरिताच्या समोर आला अन् तसाच शेजारच्या बाईकडे सरकला. तवापासून सरिता कोणाच्याच घरी गेली नाही.

अन् पुस्तक संपलं की बैठक जाणार होती नंदामॅडमच्याच घरी.

मागच्या शनिवारी शेवटचं प्रकरण निघालं. काकूनं चष्मा पुसला, पंखा कमी केला, चिवडा पुन्हा फिरवला. पानं काही वाढली नाहीत. विधवा नर्सबाईनं दवाखान्यातल्या कंपाउंडरशी लग्न केलं, एवढं वाचलं अन् बायांचा बाजार भरला.

"या वयात शोभते का?"

"लोक काय म्हणतील?"

"काकू, करा फैसला!"

काकूनं हात वर केला नाही. खाली चटईकडेच पाहून राहिली.

"बरोबर केलं तिनं."

आवाज दारातून आला. आम्ही सगळ्या वळलो. सरिता पदर हातात घट्ट धरून उभी होती. "तुले काय पायजे, असं तिले कोणी विचारलं होतं का? कंपाउंडरनं विचारलं."

काकू चटईवर बाजूले सरकली. सरिता तिथे येऊन बसली. मी उरलेली पानं वाचली, माझ्या साध्या आवाजात. कोणी थांबवलं नाही.

पुस्तक मिटलं. नंदामॅडमनं घसा साफ केला. "पुढचं माझ्या घरी. सरिता... तू येशील का?"

शाळेत पोरांवर ओरडणारी बाई, पण हे इतकं हळू बोलली की मले कान लावून ऐकावं लागलं.

सरितानं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. मंग विचारलं, "पुढचं कोणतं पुस्तक आहे?"

"तू सांगशील ते," नंदामॅडम म्हणाल्या.

काकू उठली. "आजचा चहा मी ठेवते," म्हणत आत गेली. लय वेळ झाला, चहा काही येईना. आम्ही कोणी आत पाहायले गेलो नाही. मंग आला. साखर टाकायची राहूनच गेली होती. सगळ्यांनी कप रिकामे केले.